‘प्रिन्सिपल’ आणि ‘रूल’ : तत्त्व आणि नियम यांतील भेद



सातारा-सांगली भागात विहारातील रविवारची वंदना आटोपली, की लोक लगेच घरी जात नाहीत. चपला पायात सरकवता सरकवता प्रश्न निघतात. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून तर ते हटकून निघतात. “बाई, आपल्यात सुतक किती दिवस धरायचं?” “लग्नात हळद लावलेली चालती का?” “पौर्णिमेला मटण खाल्लं तर दोष लागतो का?” या सर्व प्रश्नांची ठेवण एकच आहे. ‘आपल्यात’ काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांना हवे असते. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. जुने घर सोडून तो नव्या घरात आला आहे. येथे वागण्यात चूक होऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते.

मीही पुष्कळ वर्षे या प्रश्नांना झटपट उत्तरे देत आले. हे चालते, ते चालत नाही. एवढे सांगितले, की माझे काम झाले असे मला वाटे. पुढे माझ्या ध्यानात आले, की प्रश्नांत नव्हती एवढी चूक माझ्या उत्तरांत होती. ती चूक नीट समजण्यासाठी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांतील दोन शब्दांचा अभ्यास केला पाहिजे. ते शब्द म्हणजे ‘प्रिन्सिपल’ आणि ‘रूल’. मराठीत आपण त्यांना तत्त्व आणि नियम म्हणू.

१. दोन शब्द सारखे का वाटतात?

शाळेत मुले इंग्रजी वाचताना हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. कारण दोन्ही शब्द वागणुकीविषयी आहेत. आपल्या मराठीतही हीच सरमिसळ आहे. एखादा म्हणतो, “उधारी करायची नाही हा माझा नियम आहे.” दुसरा म्हणतो, “उधारी करायची नाही हे माझे तत्त्व आहे.” ऐकणाऱ्याला दोघांचे म्हणणे एकच वाटते. दोघेही उधारी करीत नाहीत, म्हणजे बाहेरून पाहता वागणेही एकच दिसते. मग भेद कोठे आहे?

तो शब्दांच्या मुळाशी गेल्यास दिसू लागतो. ‘रूल’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘रेग्युला’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ सरळ पट्टी. वहीवर रेघा आखण्यासाठी जो गोल लाकडी दांडका असे, त्याला आपल्याकडे ‘रूळ’ म्हणत. पूर्वीच्या शाळांत त्याच रुळाने हातावर मारही मिळे. म्हणजे रूल ही बाहेरून आखलेली रेघ आहे. तिच्या आत राहायचे, बाहेर पाऊल टाकायचे नाही. रेघ कोणी आखली, का आखली, हे विचारण्याची गरज नाही.

‘प्रिन्सिपल’ हा शब्द लॅटिन ‘प्रिन्सिपियम’वरून आला. त्याचा अर्थ आरंभ, उगम. (शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रिन्सिपल म्हणतात तो शब्द वेगळा. उच्चार एकच असला, तरी इंग्रजीत दोन्ही शब्दांची शेवटची अक्षरे निराळी आहेत. विद्यार्थ्यांनी हे पाठ करून ठेवावे.) ज्यातून पुढचे सर्व निघते, जसे झऱ्यातून ओढा निघतो, ते प्रिन्सिपल. आपला ‘तत्त्व’ हा शब्दही असाच आहे. ‘तत्’ म्हणजे ते आणि ‘त्व’ म्हणजे पण. तत्त्व म्हणजे ‘तेपणा’, वस्तूचे मूळ रूप. उलट ‘नियम’ या शब्दात ‘यम्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ आवरणे, लगाम घालणे.

थोडक्यात, नियम बैलाला कासरा लावतो. तत्त्व माणसाला वाट ओळखायला शिकवते.

२. बाबासाहेबांनी हा भेद कोठे केला?

बाबासाहेबांनी हा भेद एकदा नव्हे, दोनदा केला आहे, आणि दोन्ही वेळा फार मोठ्या कामासाठी केला आहे.

पहिली वेळ १९३६ सालची. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषणातील विचार मंडळाला पेलले नाहीत, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. तोच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ. त्यात ते म्हणतात त्याचा आशय असा: नियम स्वयंपाकाच्या कृतीप्रमाणे असतात, काय करायचे आणि कसे करायचे ते क्रमाने सांगून टाकतात. तत्त्व तसे सांगत नाही. ते विचार करण्यासाठी आणि आपली कृती तपासण्यासाठी आधार देते. नियमाप्रमाणे वागणारा चांगले वागला, तरी ते वागणे यंत्रासारखे असते. तत्त्वाप्रमाणे वागणारा चुकला, तरी तो जाणून वागलेला असतो आणि आपल्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर असते. ज्या धर्मात केवळ आज्ञा आणि मनाई यांचा ढीग आहे, तो खरा धर्म नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याच विचाराचे बीज पूर्वीच्या एका कृतीतही दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. तो ग्रंथ म्हणजे कोणी कोणाशी कसे वागावे याच्या नियमांचीच पोथी होती.

दुसरी वेळ ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथातील. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना ते पुन्हा याच दोन शब्दांकडे वळतात. तथागतांनी अहिंसा हा नियम केला नाही, ते तत्त्व म्हणून सांगितले, असे ते स्पष्ट करतात. तत्त्व माणसाला कृतीचे स्वातंत्र्य ठेवते, नियम ठेवत नाही. नियमापुढे एक तर माणूस मोडतो, नाही तर माणूस नियम मोडतो. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही ते तेथेच समजावतात.

पहिल्या ग्रंथात ते सोडायचा धर्म पारखत होते. दुसऱ्यात, स्वीकारायचा धम्म. दोन्ही वेळा कसोटी एकच लावली. म्हणून नवदीक्षित कुटुंबाने हा भेद आधी शिकावा, असे मला वाटते.

३. मसूरचा गाडीवान

हा भेद पुस्तकातला राहू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एक घटना पाहू. बाबासाहेबांनी ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १९०१ साली, ही घटना घडली. वडील जिल्ह्यातच दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. आजही पुणे-मिरज मार्गावर हे स्टेशन आहे. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आस्थेने चौकशी केली. जात कळताच ते मागे सरले. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबरीने पायी चालायचे.

येथे थोडे थांबून विचार करू. त्या गाडीवानाने नियम मोडला काय? मुळीच नाही. त्याचा नियम एवढाच होता, की या मुलांबरोबर गाडीत बसायचे नाही. तो बसला नाही. नियम पुरा झाला, वर दुप्पट भाडेही मिळाले. नियमाला पळवाट असते आणि पळवाटेला भाव असतो. दहा वर्षांची तहानलेली पोरे रात्रीच्या वेळी बैल हाकीत आहेत, याबद्दल त्याच्या नियमात एक अक्षरही नव्हते.

पुढे काय झाले तेही बाबासाहेबांनी लिहिले आहे. काही मैल गेल्यावर तो गाडीवान एकाएकी गाडीत चढला, मुलांच्या हातून कासरा घेतला आणि त्यांच्याशेजारी बसला. मुलांना नवल वाटले. पण विचारण्याची छाती झाली नाही. स्टेशनवर लोकांच्या देखत जो विटाळ होता, तो रानात, अंधारात कोठे गेला? नियम पाहणाऱ्या डोळ्यांसाठी होता. डोळे नाहीसे झाले, नियमही नाहीसा झाला. त्या गाडीवानाच्या ठिकाणी माणुसकीचे तत्त्व असते, तर ते स्टेशनवरही राहिले असते आणि अंधारातही.

४. देवदत्ताची मागणी

आता तथागतांच्या काळातील एक प्रसंग पाहू. विनयपिटकात त्याची हकीगत आहे. देवदत्ताने भगवान बुद्धांकडे पाच गोष्टी मागितल्या. भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावे. भिक्षेवरच जगावे, कोणाचे भोजनाचे आमंत्रण घेऊ नये. चिंध्यांचेच चीवर वापरावे. झाडाखालीच राहावे, छपराखाली जाऊ नये. मासे-मांस खाऊ नये. या पाच गोष्टी सर्वांवर सक्तीच्या कराव्यात, असा त्याचा आग्रह होता.

वरवर पाहता देवदत्त अधिक कडक, अधिक धार्मिक वाटतो. पण तथागतांनी सक्तीला नकार दिला. ज्याला अरण्यात राहायचे त्याने अरण्यात राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने गावाजवळ राहावे, अशी मोकळीक त्यांनी ठेवली. मांसाविषयीही, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर घेऊ नये, एवढेच बंधन राहिले. म्हणजे ताटात काय आहे यापेक्षा त्यामागे हिंसेचा हेतू कोणाचा, हे त्यांनी पाहिले. देवदत्ताने याच कारणावरून संघात फूट पाडली. तत्त्व सोडून नियम कडक करीत गेले, की संघ दुभंगतो, हा धडा यात आहे.

५. पंचशील नियम आहे काय?

येथे कोणी म्हणेल, “मग पंचशील काय आहे? तेही पाच नियमच ना?” या प्रश्नाचे उत्तर पंचशीलाच्या पाली शब्दांतच आहे. आपण ते रोज म्हणतो, पण शब्द सुटे करून पाहत नाही.

‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे, दूर राहणे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिक्षापद. येथे शिक्षा म्हणजे दंड नव्हे, शिक्षण होय; शिकण्याचे एकेक पाऊल म्हणजे सिक्खापद. ‘समादियामि’ म्हणजे मी ग्रहण करतो. हे क्रियापद प्रथम पुरुषी आहे. व्याकरणाची ही बाब फार महत्त्वाची आहे. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांतील दहा आज्ञा आज्ञार्थी आहेत. तेथे कोणीतरी वरून सांगतो, की तू चोरी करू नकोस. पंचशीलात असा सांगणारा कोणी नाही. बोलणारा मीच, ऐकणारा मीच आणि शिकणाराही मीच. मोडले तर वरून दंड करणारा कोणी बसलेला नाही. पण शिकणे खुंटले, आणि त्याचा परिणाम माझ्या घरावर व शेजाऱ्यावर होणार, हे मात्र अटळ आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनाही हेच लागू आहे. त्याही ‘मी’च्या तोंडच्या आहेत. श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे, तशीच सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याचीही आहे. पहिली एका दिवसात पाळता येते. पिंडदान केले नाही, की झाले. समतेची प्रतिज्ञा मात्र रोज, प्रत्येक घरात, प्रत्येक उंबऱ्यावर पाळावी लागते. आपण सोप्या प्रतिज्ञांची यादी करतो आणि अवघड प्रतिज्ञा भिंतीवर टांगतो. हे मी दुसऱ्या कोणाविषयी बोलत नाही.

६. माझी यादी

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचे लग्न झाले. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. त्यामुळे लग्न बौद्ध पद्धतीने नीट व्हावे ही जबाबदारी माझ्याकडे आली. मी वहीत यादी केली. मुहूर्त नाही, पत्रिका जुळवणे नाही, हुंडा नाही, मानपान नाही. वधूवरांची वस्त्रे पांढरी. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा. मेणबत्ती, उदबत्ती, फुले. त्रिसरण, पंचशील, वधूवरांची प्रतिज्ञा, मंगलगाथा. यादीतील एकही बाब चुकली नाही. पाहुण्यांनी कौतुक केले. मीही मनातून खूश होते.

संध्याकाळी नवरी घराशी आली. भाकरतुकडा ओवाळून टाकायला आणि पायावर पाणी घालायला बायका दारात जमल्या. शेजारची मावशी म्हणाली, “सवाशीण हाय का गं कोण? घ्या की पुढं.” आणि आम्हा साऱ्यांच्या माना सवाष्णीला शोधायला वळल्या. माझीही वळली. माझी आई तेथेच उंबऱ्याजवळ उभी होती. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. ती काही न बोलता मागे सरकली आणि चुलीकडे निघून गेली.

जिने लोकांच्या रानात हळदीची काढणी करून आम्हा भावंडांना शिकवले, तिच्या सुनेला घरात दुसऱ्याच बाईने घेतले. त्या क्षणी मला काहीच खटकले नाही, हे मला येथे कबूल केले पाहिजे. रात्री भांडी आवरताना खटकले. मी आईला विचारले, “तू पुढं का आली न्हाईस?” ती म्हणाली, “तुझ्या वहीत न्हवतं की गं. मला वाटलं, ह्ये आपल्यात आजून तसंच असंल.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरच तिला तसे वाटले होते. आम्ही तिला नियम दिले होते, तत्त्व दिले नव्हते. जे यादीत आले ते बदलले. जे यादीत आले नाही ते जसेच्या तसे उंबऱ्यावर उभे राहिले. आमचे नियम सर्व बरोबर होते आणि तरीही आमच्या घरात, पंचशील म्हटल्याला चार तास होण्याआधी, एका माणसाला विटाळ मानले गेले. मसूरच्या गाडीवानाला नावे ठेवण्याचा माझा अधिकार त्या दिवशी कमी झाला.

प्रथम माझ्या मनात आले, की वहीत एक ओळ वाढवावी: ‘विधवा मातेने पुढे असावे.’ मग लक्षात आले, की ही पुन्हा यादीच झाली. या ओळीने माझ्या आईचा प्रश्न सुटेल; पण उद्या मूल नसलेली बहीण, नवऱ्याने टाकलेली मुलगी, आपल्याहून वेगळ्या जातीतून दीक्षा घेऊन आलेली सून, यांचे काय? किती ओळी लिहिणार? म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला: ‘हे करताना कोणाचा मान कमी होतो काय?’ नियम उत्तर देऊन मोकळा होतो. तत्त्व आपल्याला प्रत्येक वेळी प्रश्न विचारायला लावते.

पुढच्या वर्षी चुलत बहिणीचे लग्न झाले. वधूवरांच्या हाती पहिले फूल आईने दिले. तिचे हात थरथरत होते, पण ती मागे सरली नाही.

७. दोन गैरसमज

या भेदातून दोन गैरसमज होण्याचा संभव आहे. ते टाळले पाहिजेत.

पहिला असा, की मग नियम नकोतच. हे चूक आहे. विहारात वंदना ठरल्या वेळी सुरू व्हावी, चपला ओळीने ठेवाव्यात, जमाखर्च दरमहा वाचून दाखवावा, हे नियमच आहेत आणि ते हवेत. संघालाही विनयाचे नियम होते. अस्पृश्यता नष्ट केल्याचे संविधानाचे अनुच्छेद १७ आणि त्याच्या अंमलासाठी झालेला १९५५ चा कायदा, यांशिवाय आपले चालले नसते. बाबासाहेब स्वतः कायदेपंडित होते. संविधानात त्यांनी न्यायालयातून मिळवता येणारे मूलभूत अधिकार ठेवले, तशीच राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वेही ठेवली. अनुच्छेद ३७ प्रमाणे ही तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत मानली आहेत. नियम आणि तत्त्व यांचे हे नाते ओळखावे. नियम तत्त्वातून जन्माला यावा आणि तत्त्वाच्या कसोटीवर तपासला जावा. मूळ विसरलेला नियम म्हणजे धनी नसलेल्या घराला लावलेले कुलूप होय.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. सरकारी कागदात ‘तत्त्वतः मान्यता’ असा शब्द असतो. त्याचा अनुभव आपल्याला आहे. तत्त्वतः मान्य झालेला रस्ता वर्षानुवर्षे होत नाही. धम्माचे असे होता कामा नये. “मी तत्त्व मानतो, नियमाचे काय एवढे? एखादा पेला घेतला तर कुठे बिघडले?” असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी ध्यानात घ्यावे, की तत्त्व नियमापेक्षा सैल नसते, अधिक घट्ट असते. नियम लोकांच्या देखत पाळला की पुरतो. तत्त्व एकट्यानेही पाळावे लागते. दारू न पिण्याच्या शीलामागचे तत्त्व मनाची जागृती हे आहे. ज्याच्या घरात दारूने चूल विझली, पोराची फी राहिली, बायकोने मार खाल्ला, त्याला हे तत्त्व कोणी ग्रंथातून समजावून सांगायला नको. ज्याने तत्त्व खरोखर मानले, त्याला पेला उचलण्यासाठी सबब सापडत नाही.

८. आता विहारातील प्रश्नांकडे

सुरुवातीचे प्रश्न आता वेगळे दिसतील.

सुतक किती दिवस? सुतकामागची कल्पना अशी, की मृत्यूने घर विटाळते. माणूस जन्माने विटाळत नाही आणि मरणानेही नाही, हे आपले तत्त्व आहे. म्हणून विटाळ एक दिवसही नाही. पण दुःख आहे, आणि दुःखाला दिवसांचे माप नसते. ज्या घरात माणूस गेले तेथे चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी कडू घास घेऊन येतात. ही रीत करुणेची आहे. ती खुशाल ठेवावी, तेराव्याचे जेवण मात्र कर्ज काढून घालू नये.

हळद लावावी काय? सांगलीच्या बाजारपेठेचे हळद हे वैभव आहे. तिच्यात काही दोष नाही. पण ती कोण लावू शकते आणि कोणाला दूर ठेवले जाते, हे पाहावे. आनंदासाठी सर्वांनी लावली तर तो खेळ आहे. विधवेला बाजूला सारून लावली, किंवा लावली नाही तर अपशकुन होईल या भीतीने लावली, तर त्या हळदीबरोबर जुना धर्म घरात आला असे समजावे.

पौर्णिमेला मांस? ज्याला त्या दिवशी सोडायचे त्याने सोडावे. त्याबद्दल दुसऱ्याला हिणवू नये. पण प्राणी मारण्याची हौस, नवसाचा बळी, जत्रेची कंदुरी, यांत मारण्याची इच्छा आहे, आणि ती कोणत्याही दिवशी धम्माशी विसंगत आहे.

ही उत्तरे माझ्या बुद्धीप्रमाणे दिली आहेत. वाचकांनी तीही तपासून पाहावीत. बाईंनी सांगितले म्हणून पाळली, तर या लेखाचा उपयोग झाला नाही असे होईल. तपासल्याशिवाय स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते, ते आपल्यालाही लागू आहे.

अभ्यासासाठी प्रश्न
(रविवारी वंदनेनंतर चार-पाच कुटुंबांनी एकत्र बसून चर्चा करावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना प्रथम बोलू द्यावे.)

१. ‘रूल’ आणि ‘प्रिन्सिपल’ या शब्दांचे मूळ अर्थ सांगून भेद स्पष्ट करा.
२. मसूरच्या गाडीवानाने आपला नियम कोठे पाळला आणि कोठे सोडला? त्याचे कारण काय असावे?
३. देवदत्ताच्या पाच मागण्या तथागतांनी सक्तीच्या का केल्या नाहीत?
४. ‘समादियामि’ हे क्रियापद प्रथम पुरुषी आहे, यावरून पंचशीलाविषयी काय समजते?
५. आपल्या घरात दीक्षेनंतर कोणत्या चाली बदलल्या? यादीत न आल्यामुळे कोणत्या तशाच राहिल्या? त्यामुळे कोण मागे उभे राहते?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. घरात ते माणूस शोधावे आणि त्याला हाताला धरून पुढे आणावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.